भिंतीकडे तोंड केलेला बाक

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बाबा अंतर मिनिटांत मोजत नाहीत, बाकांत मोजतात. ग्रंथालय किती लांब? "दोन बाक आणि एक पायरी." ती पायरी एका कायम कुलूपबंद घराची. टपाल कार्यालय एका बाकावर. बँक खरं तर ग्रंथालयापेक्षा जवळ आहे, पण वाटेत टेकायला काहीच नाही, म्हणून बाबांच्या हिशेबी ती परगावी. मी त्याच रस्त्यांनी वीस वर्षं चालतोय. कुठे बाक आहे आणि कुठे नाही हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाय धड असले की वस्तीकडे लक्ष जात नाही.

तर गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला, झाडाखाली, नगरपालिकेने एक नवा बाक बसवला. 'सुशोभीकरण' या लेखाशीर्षाखाली आला असावा, कारण त्याच्यासोबत दोन कुंड्या आणि एक फलकही आला. बाक दणकट आहे, पाठीला टेकू आहे, उंचीही बरोबर. बाबा पहिल्याच संध्याकाळी जाऊन बसले आणि दोन मिनिटांत उठले. बाकाचं तोंड भिंतीकडे आहे. रस्ता, येणारीजाणारी माणसं, समोरचं छोटं मैदान, सगळं पाठीमागे. पुढ्यात दोन हातांवर एका आवाराची करड्या रंगाची भिंत.

"भिंत चांगलीय," बाबा म्हणाले. "पण किती वेळ बघणार?"

काही दिवसांनी कनिष्ठ अभियंता कामाची मापं घ्यायला आले, तेव्हा बाबांनी त्यांना गाठलं. तरुण मुलगा, बोलायला साधा. "काका, पाया काँक्रीटचा आहे, आता नाही फिरवता येणार," तो म्हणाला. मग जरा थांबून, आवाज उतरवून, "खरं सांगू का, बाक किती बसवले त्याचा रकाना असतो. तोंड कुठे केलं त्याचा नसतो."

मला त्या मुलाचा राग आला नाही. उलट वाटलं, सार्वजनिक जागांबद्दल इतकं नेमकं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नाही. तेव्हापासून मी बाकांकडे बघायला लागलो. मग कुंपणांकडे, पाट्यांकडे, दिव्यांच्या खांबांकडे. आणि वाचायलाही लागलो, कारण या एका रकान्यावर जगभर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत असं लक्षात आलं.

मराठीत समोरच्याशी बोलायला तीन सर्वनामं आहेत. तू, तुम्ही, आपण. यांतलं कोणतं वापरलं यावरून बोलणाऱ्याच्या मनात आपली जागा कुठे आहे ते ताबडतोब कळतं. आमच्या घरात बाबांना अहोजाहो आणि आईला अगंतुगं आहे, त्यावर एक वेगळा लेख होईल, तो असो. नगरपालिकासुद्धा आपल्याशी सतत बोलत असते आणि फक्त पाट्यांतून नाही. 'प्रवेश बंद, हुकुमावरून' या पाटीत तर सर्वनामच नाही. हुकूम कोणाचा, कोणाला, काही कळत नाही, फक्त दम कळतो. पण बाक बोलतो, कठडा बोलतो, फाटकाचं कुलूप बोलतं. मधोमध लोखंडी दांडा टाकलेला बाक तुम्हाला 'अरे' म्हणतो: बस, पण आडवा होऊ नकोस. लंडनमधल्या कॅम्डन या स्थानिक परिषदेने 2012 मध्ये खास घडवून घेतलेला काँक्रीटचा एक बाक प्रसिद्ध आहे. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम वाकडातिकडा आणि उतरता ठेवलाय. त्यावर झोपता येत नाही, चाकाच्या फळीवरून (स्केटबोर्डवरून) घसरता येत नाही, कुणी रंगाने काही लिहिलं तर ते टिकत नाही, अमली पदार्थ लपवायला फट सापडत नाही. कारागिरी म्हणून तो अचाट आहे. ज्याने तो आखला त्याच्या डोळ्यांपुढे मात्र बसणारा माणूस शेवटी आला असावा. आधी चोर आला, मग बेघर, मग टारगट पोरं, आणि या सगळ्यांना चुकवून जी जागा उरली ती माझ्या बाबांसाठी.

याच्या अगदी उलट टोकाला खुर्ची. साधी, हलकी, उचलता येईल अशी.

विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने 1970 पासून काही वर्षं न्यूयॉर्कमधल्या चौकांत आणि छोट्या बागांत माणसं नुसती बघण्याचं काम केलं. इमारतींवर कॅमेरे लावले, वह्या भरल्या. माणसं कुठे बसतात? जिथे बसायला जागा असते तिथे. हा निष्कर्ष ऐकून हसू येतं, पण त्या काळी नियोजकांना तो नवा होता. ते ऊन, आकार, कारंजं यांचा विचार करत बसले होते. व्हाइटने टिपलेली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. जिथे मोकळ्या खुर्च्या ठेवल्या होत्या तिथे माणूस येतो, खुर्ची चार बोटं इकडे किंवा तिकडे सरकवतो आणि मग बसतो. सरकवून काही फरक पडलेला नसतो. ऊन तेवढंच, सावली तेवढीच. तरी सरकवतो. आपण हे घरी पाहुणे म्हणून गेल्यावरही करतो. खुर्ची हलवली की ती तेवढ्यापुरती आपली होते.

व्हाइटने ब्रायंट पार्क या सार्वजनिक बागेबद्दलही सल्ला दिला होता. सत्तरच्या दशकात ती अमली पदार्थांच्या धंद्यासाठी बदनाम होती. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती लोखंडी कुंपण आणि दाट झुडपं, आत शिरायच्या वाटा मोजक्या. कुठल्याही सभेत विचारलं असतं तर दहापैकी नऊ जणांनी सांगितलं असतं, कुंपण आणखी उंच करा. त्याने सांगितलं, झुडपं काढा, वाटा वाढवा, आतलं बाहेरून दिसू द्या. 1992 मध्ये बाग नव्याने पूर्ण खुली झाली, आणि हिरवळीवर शेकडो सुट्या खुर्च्या ठेवल्या. त्याच शहरात 2009 च्या मे महिन्यात टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवे रस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा कायमची बाकडी तयार नव्हती. टाइम्स स्क्वेअर अलायन्स या तिथल्या व्यावसायिकांच्या संस्थेने समुद्रकिनाऱ्यावर असतात तसल्या स्वस्त घडीच्या खुर्च्या आणून मोकळ्या डांबरावर मांडल्या. लोक रस्ता बंद झाल्यावर भांडतील अशी भीती होती. ते खुर्च्यांच्या सुमार दर्जावर भांडत बसले, आणि भांडले ते बहुतेक त्याच खुर्च्यांवर बसून.

खुर्च्या चोरीला जातील, हा प्रश्न मीही विचारला असता. काही जातातच. पण काही जातील हे गृहीत धरून खुर्च्या मांडणं म्हणजे उरलेल्यांना 'आपण' म्हणणं. या 'आपण'ची गंमत अशी की तो आदराचा 'तुम्ही'ही आहे आणि बोलणाऱ्याला धरून झालेलं अनेकवचनही. बाकाने यापेक्षा जास्त काय बोलावं?

ॲम्स्टरडॅममधली खेळाची मैदानं हे माझं नवं वेड आहे. महायुद्धानंतर त्या शहरात ओस पडलेल्या, घरं पाडलेल्या जागा जिकडेतिकडे होत्या. महापालिकेच्या नगररचना खात्यात याकोबा मुल्डर ही बाई होती आणि तिथेच आल्डो व्हॅन आइक हा तरुण वास्तुरचनाकार लागला. 1947 मध्ये एका चौकात त्याचं पहिलं मैदान झालं. काँक्रीटच्या रुंद काठाचा वाळूचा हौद, कोलांट्या मारायला काही नळ्या, थोडी झाडं, बाक. आईबापांना बसता येईल इतका तो काठ रुंद. हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी नाही, अस्वल नाही, ससा नाही. नळीचा घोडा करायचा की विमान, ते मुलं ठरवतील.

पुढे काय झालं ते फार सुंदर आहे. लोकांनी महापालिकेला पत्रं लिहायला सुरुवात केली. आमच्याही गल्लीत एक रिकामा तुकडा आहे, आम्हालाही मैदान द्या. पत्र आलं की जागा बघायची, जमलं तर आखायचं. 1978 पर्यंत अशी 700 पेक्षा जास्त मैदानं झाली. एकही भव्य नाही. बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही, रस्ता आणि मैदान एकमेकांत मिसळलेले. आपल्या डोक्यात 'विकास' या शब्दाबरोबर जे चित्र येतं त्यात यातलं काहीच बसत नाही. आज त्यांतली फार थोडी मूळ रूपात आहेत. मला त्याचं दुःखही होत नाही. ती ज्या मुलांसाठी होती ती त्यांवर खेळून मोठी झाली.

पत्र लिहून जागा मागणं ज्याला सुचतं त्याचं ठीक आहे. पण जो येतच नाही तो काय मागणार? व्हिएन्नात नव्वदच्या दशकात महापालिकेने बागांचा अभ्यास करवून घेतला. त्यात दिसलं की साधारण नऊ वर्षांपुढच्या मुली बागेत यायच्या थांबतात. मुलगे येत राहतात. तक्रार कुणाचीच नव्हती. 'मुलींसाठी बाग बंद' अशी पाटी कुठेही नव्हती. मैदानाच्या मधोमध जाळीचा एक पिंजरा होता, त्याला दार एकच, आत चेंडू, आणि आत आधी पोचलेले मुलगे. बाकीचं कुणी सांगायची गरज नव्हती. मग दोन बागा नव्याने आखल्या. जागेचे लहानलहान भाग पाडले, पिंजऱ्यांना जास्त दारं ठेवली, वेगवेगळ्या खेळांची सोय केली, पायवाटा आणि दिवे सुधारले. मुली परत येऊ लागल्या. हे वाचलं त्या रात्री मी बायकोला विचारलं, तू समोरच्या मैदानात शेवटची कधी गेलीस? ती म्हणाली, "चालायला पट्टा आहे तिथे, पण थांबायला कुठे आहे? आणि थांबून करू काय, सगळे माझ्याकडे बघतील." शाळेतून घरी, घरातून भाजीला. बाबांच्या नकाशात निदान बाक तरी होते.

(स्वच्छतागृहांबद्दल याच जोडीने लिहायला हवं. म्हातारा माणूस आणि बाई बाहेर किती वेळ थांबणार, हे बाकापेक्षाही त्यावर ठरतं. जर्मनीत आलेन या गावातून सुरू झालेली एक पद्धत इतकी साधी आहे की नवल वाटतं. नगरपालिका खानावळींना आणि दुकानदारांना थोडे पैसे देते, ते दारावर एक चिकटपट्टी लावतात, आणि कुणीही काही विकत न घेता आत जाऊन येऊ शकतं. नवी इमारत नाही, फीत कापणं नाही. फीत कापता येत नाही म्हणूनच बहुधा ती सगळीकडे पसरली नाही.)

आता एक गोष्ट जिने मला नीट झोपू दिलं नाही. ब्राझीलमधलं कुरितिबा शहर, 1972. महापौर झाइमे लेर्नर, स्वतः वास्तुरचनाकार. शहराचा मुख्य बाजाररस्ता त्यांना पायी चालणाऱ्यांसाठी करायचा होता. दुकानदारांचा कडाडून विरोध. लेर्नर यांनी शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केलं आणि तीन दिवसांत फरसबंदी, झाडं, दिवे, बाकडी, सगळं उभं केलं. कोर्टकचेरीला सवडच मिळू दिली नाही. पुढच्या आठवड्यात मोटारवाले रस्त्यात गाड्या घालणार अशी कुणकुण लागली, तर त्यांनी कागदाचे लांबच लांब ताव रस्त्यावर पसरून मुलांना चित्रं काढायला बसवलं. मुलांच्या अंगावर गाडी कोण घालणार? थोड्याच काळात दुकानदार म्हणू लागले, आमच्या बाजूलाही हे वाढवा.

ही गोष्ट सांगताना सगळ्यांचे डोळे चमकतात, माझेही. पण लेर्नर यांना लोकांनी निवडून दिलेलं नव्हतं, लष्करी राजवटीने नेमलं होतं. त्यांचा रस्ता चांगला निघाला. चुकीचा निघाला असता तर? तीन दिवसांत न विचारता रस्ता बदलणारा माणूस आपल्या बाजूचा असला की आपण त्याला द्रष्टा म्हणतो.

त्याच देशात पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये नेमकी उलटी वाट धरली. अंदाजपत्रकातला नव्या कामांचा भाग वस्त्यावस्त्यांच्या सभांमध्ये मांडायचा, लोकांनी प्राधान्यक्रम ठरवायचा, प्रतिनिधी निवडायचे, त्यांनी पुढच्या परिषदेत भांडायचं. बाग आधी की गटार आधी? गरीब वस्त्यांनी बहुतेकदा गटार, पाणी आणि रस्ता मागितला. पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली घरं 1988 मध्ये 75 टक्के होती, ती 1997 मध्ये 98 टक्क्यांवर गेली. कुणाला वाटेल, यात सार्वजनिक जागा कुठे आली? ज्या गल्लीतून उघडं गटार वाहतं तिथे बाक मांडून बघा.

पुढे राज्यकर्ते बदलले, ही पद्धत पातळ होत गेली आणि 2017 मध्ये ती थांबवण्यात आली. सभा हा प्रकार किती दमवणारा असतो हे मला माहीत आहे. आमच्या प्रभागाच्या बैठकीला मी एकदाच गेलो. अडीच तास चालली. त्यातला पाऊण तास मोकाट कुत्र्यांवर, अर्धा तास कुत्र्यांवर किती वेळ गेला यावर. बाकाचा विषय मी मांडला तेव्हा खोलीत नऊ माणसं उरली होती आणि त्यांतला एकजण झोपला होता. त्याला झोपायला खुर्ची मात्र बरी मिळाली होती. घरी येताना मनात आलं, एखादा लेर्नर मिळाला असता तर बरं झालं असतं. इतक्या लवकर माणूस बदलतो.

डच लोकांकडे एक शब्द आहे, 'वूनएर्फ'. साठच्या दशकाच्या अखेरीस डेल्फ्ट शहरात काही रस्ते असे बदलले की पदपथ आणि गाडीरस्ता वेगळे राहिलेच नाहीत. मधे झाडं, बाक, मुलांची खेळणी, आणि गाडीला यायचं तर पाहुण्यासारखं हळू यायचं. 1976 मध्ये तिथे यासाठी कायदाही झाला. शब्दाचा अर्थ शोधला तर कळलं, 'वून' म्हणजे राहणं, 'एर्फ' म्हणजे घराभोवतालची जागा. म्हणजे अंगण! आपल्याला तो शब्द शिकायची गरजच नाही. अंगण घराच्या आतही नसतं आणि बाहेरही नसतं. तिथे आलेल्याला 'कोण पाहिजे?' विचारतात, हाकलत नाहीत. आणि अंगण रोज झाडावं लागतं.

झाडण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडे जागा तयार झाली की तिचं 'लोकार्पण' होतं. छान शब्द आहे, पण अर्पण केलेल्या गोष्टीकडे आपण पुन्हा बघत नाही. अंदाजपत्रकात नवं बांधायला भांडवली खर्चाची तरतूद होते, कोनशिलेवर नावं कोरली जातात. रंग द्यायला, स्क्रू आवळायला, झाडाला पाणी घालायला जो महसुली खर्च लागतो त्याला कोनशिला नाही. 'अमुक यांच्या शुभहस्ते या बाकाचा सैल झालेला नट आवळण्यात आला' असं कुठे वाचलंय? आमच्या बाकासोबत आलेल्या दोन कुंड्यांपैकी एकीतलं झाड तीन महिन्यांत वाळलं, दुसरी कुंडीच गेली. फलक शाबूत आहे.

आणि तरीही रोज सकाळी सहाच्या आसपास एक सफाई कामगार बाई येतात, बाकाखालचा पाला ओढून काढतात, भिंतीलगतची धूळ गोळा करतात आणि पुढे जातात. लोकार्पणाच्या दिवशी त्या होत्या का, मला आठवत नाही. असतील तर झाडायला असतील.

बाकाची तक्रार मी लेखी दिली होती. पोच मिळाली, क्रमांक मिळाला. नंतर एक संदेश आला की तक्रारीचं निवारण झालं आहे. मी धावत जाऊन बघितलं. बाक होता तसाच, भिंतीकडे तोंड करून. घरी येऊन सांगितलं तर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण पावसाळा संपता संपता कुणीतरी तिथे एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. जुनी, एक हात मोडलेली. कुणाची ते कळलं नाही, विचारलंही नाही. ती बाक आणि भिंत यांच्या मधे, बाकाकडे तोंड करून होती. एका संध्याकाळी बघितलं तर बाकावर एक आजी आणि खुर्चीवर कुणी कॉलेजातली मुलगी, दोघी समोरासमोर. दुसऱ्या दिवशी खुर्ची झाडाच्या पलीकडे, मैदानाकडे वळलेली. मग एकदा थेट रस्त्याच्या कडेला. रात्री ती कुठेही असते. सकाळी झाडून झालं की सफाईवाल्या बाई ती उचलून पुन्हा झाडाच्या बुंध्याशी लावून ठेवतात. भंगार म्हणून उचलून न्यायला हवी होती, नियम बहुधा तसाच असेल. एकदा मी समोरून जात होतो म्हणून त्या जरा दचकल्या, मग म्हणाल्या, "राहू दे ना दादा, म्हातारी माणसं बसतात."

परवा संध्याकाळी बाबांना घेऊन गेलो. बाक रिकामा होता, खुर्चीही. बाबा बाकाकडे न जाता खुर्चीपाशी गेले. ती मैदानाकडेच वळलेली होती, ऊन उतरलं होतं, काही करायची गरज नव्हती. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी खुर्ची धरून चार बोटं डावीकडे सरकवली, आणि बसले.